ट्रे डोनाल्डसनला गद्दार म्हणणाऱ्या ऍन आर्बरच्या मराठी मंडळींना खुलं पत्र

मंडळी, नमस्कार. (जुलै 2025)

पत्र लांबणारे, आधीच सांगते. मागच्या शनिवारी पार्कातल्या पॉटलकला जे बोलणं झालं त्यावर मी तिथेच बोलणार होते पण कडेवर पोरगं होतं आणि तुमच्यातले निम्मे जण ग्रिलवर कणसं भाजण्यात गुंग होते, मग गप्प बसले आणि घरी येऊन दोन दिवस तेच डोक्यात घोळत राहिलं. विषय ट्रे डोनाल्डसन. आपल्या मिशिगनच्या कॉलेज बास्केटबॉल टीमचा पॉइंट गार्ड (बॉल पुढे नेणारा), म्हणजे या मार्चपर्यंत आपला, आता मायामी युनिव्हर्सिटीला चाललाय. त्याचं नाव निघाल्याबरोबर एक काका म्हणाले "गद्दार", दुसऱ्याने लगेच विचारलं "किती खोके?", सगळे हसले, मीही हसले, खोटं कशाला बोलू. गेली तीन वर्षं तिकडच्या बातम्यांत हे शब्द इतके ऐकलेत की ते आता जिभेवरच बसलेले असतात. पण मग आपल्यातल्याच एकाच्या नऊ वर्षांच्या मुलाने, डोनाल्डसनची जर्सी घालूनच आला होता तो, बाबांना विचारलं की मग ही आता घालायची नाही का. आणि बाबा म्हणाले टाकून दे, नोव्हेंबरात नवीन घेऊ. मुलाने लगेच जॅकेटची चेन वर ओढली, जुलैच्या उन्हात, म्हणजे जर्सी दिसू नये म्हणून. तिथे माझं हसू गेलं.

म्हणून हे लिहितीये. आपला नवा कोच डस्टी मे, त्याचा पहिला सीझन (2024-25) आपण सगळ्यांनी एकत्र बघितला, गाड्या भरभरून क्रिसलरला, म्हणजे घरच्या स्टेडियमला, गेलो, आणि आता तो सीझन आठवताना तुम्ही फक्त शेवट आठवताय, ऑबर्नविरुद्धची ती मॅच आणि नंतर कोण कोण सोडून गेलं. मला बाकीचंही आठवतंय.

आधी आपण कुठे होतो ते आठवा. 2023-24. 32 मॅचेस, 8 जिंकल्या, 24 हरल्या, बिग टेनमध्ये, म्हणजे आपल्या लीगमध्ये, 20 पैकी 3. एका सीझनला इतक्या मॅचेस मिशिगन याआधी कधी हरलं नव्हतं. त्या फेब्रुवारीत आपण वरची स्वस्तातली तिकिटं काढायचो आणि हाफटाइमनंतर गुपचूप खाली जाऊन बसायचो, जागाच जागा असायची. आधीचा कोच ज्युवान हॉवर्डला काढलं तेव्हा वाईट वाटलं कारण तो घरचा माणूस, फॅब फाइव्हमधला (नव्वदीच्या सुरुवातीला एकदम आलेल्या आपल्या पाच गाजलेल्या पोरांतला), 2021 ला त्याने टीम एलिट एटपर्यंत, म्हणजे देशातल्या शेवटच्या आठांत, नेली होती, आणि त्या शेवटच्या सीझनच्या तोंडावर तर त्याचं हार्टचं ऑपरेशन झालेलं. पण 8-24 नंतर कोण काय बोलणार. मग बातमी आली की फ्लोरिडा अटलांटिकचा डस्टी मे येतोय. तेव्हा आपल्यातल्या एकाने विचारलं होतं, मार्चमध्येच येणार की मेमध्ये? तो जोक सहा महिने चालला, असो.

माणूस कसा आहे बघा. स्वतः इंडियानाला बॉबी नाइटच्या हाताखाली स्टुडंट मॅनेजर होता, म्हणजे टीममध्ये खेळणारा नव्हे, टॉवेल-पाणी-बॉल बघणारा, प्रॅक्टिसला सगळ्यात आधी येणारा नि शेवटी जाणारा पोऱ्या. 2023 ला त्याने फ्लोरिडा अटलांटिकसारख्या कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या कॉलेजला फायनल फोरला, म्हणजे शेवटच्या चारांत, नेलं, 35 जिंकल्या 4 हरल्या, आणि त्यातली शेवटची शेवटच्या सेकंदाच्या शॉटवर, 72-71. त्याला आपण तिथून पळवून आणला. तिकडे बोका रॅटनमध्ये तेव्हा कोणी गद्दार म्हणलं असेल का, हा विचार आपल्यापैकी एकाच्याही मनात आला नाही. माझ्याही नाही. आपण म्हणलं वा, काय हायर आहे.

आला तेव्हा टीममध्ये जुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, बर्नेट, चेटर, आणखी एखाददुसरा. बाकी सगळं ट्रान्सफर पोर्टलमधून, म्हणजे कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंच्या यादीतून. गोल्डिन त्याच्याबरोबरच फ्लोरिडाहून आला, मूळचा रशियाचा, लहानपणी कुस्ती खेळलेला (ते त्याच्या पायांवरून कळतं, बॉक्स आउट करताना खाली बसतो ना तेव्हा बघा, अगदी मातीतला पवित्रा). रुबिन जोन्स नॉर्थ टेक्ससहून. रॉडी गेल ओहायो स्टेटहून, परत वाचा, ओहायो स्टेटहून. डॅनी वुल्फ येलहून. आणि डोनाल्डसन ऑबर्नहून. यातली गंमत तुमच्या लक्षात आहे का माहीत नाही, 2024 च्या देशभरच्या एनसीएए टूर्नामेंटला पहिल्याच राउंडमध्ये येलने ऑबर्नला 78-76 असं उडवलं होतं, म्हणजे वुल्फच्या टीमने डोनाल्डसनच्या टीमला घरी पाठवलं, आणि सहा-सात महिन्यांत दोघं एकाच मक्याच्या पिवळ्या जर्सीत. त्या दोघांचं त्या मॅचबद्दल काय बोलणं व्हायचं हे ऐकायला मला फार आवडलं असतं.

आता ते दोन उंच लोक. यावर मी थांबणार आहे कारण माझ्या मते अख्खा सीझन इथेच आहे.

वुल्फ सात फूट. गोल्डिन सात फूट एक इंच. हल्ली सगळे पाच चपळ पोरं उतरवतात आणि चारी बाजूंनी थ्री (लांबून तीन पॉइंटचा शॉट) मारतात, अशा दिवसांत दोन सात-फुटी एकदम कोर्टवर ठेवायचे म्हणजे लोक म्हणत होते की मेची गणितं चुकली. त्याने ठेवले. आणि वर काय, तर वुल्फच्या हातात बॉल दिला. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला वाटलं आता देईल गार्डला, रिबाउंड घेतलाय, देईल, देईल, आणि हा बाबा स्वतःच ड्रिबल करत निघाला, हाफ कोर्ट ओलांडला, थ्रीच्या रेषेबाहेर थांबला. गोल्डिन खालून वर आला, त्याला स्क्रीन लावली (म्हणजे डिफेंडरच्या वाटेत आडवा उभा राहिला) आणि वळून रिंगकडे पळत सुटला. सात फुटी माणूस सात फुटी माणसाला स्क्रीन लावतोय हे समोरच्या दोघा डिफेंडरनी आयुष्यात बघितलेलं नव्हतं, ते अर्धा सेकंद एकमेकांकडे बघत राहिले, तू धरतोस की मी, आणि तेवढ्यात बॉल त्यांच्या डोक्यांवरून गोल्डिनच्या हातात. डंक. माझ्या शेजारी बसलेल्या काकांनी विचारलं "हे लीगल आहे का?" एकाचा नंबर 50 आणि दुसऱ्याचा 1, म्हणून लोक त्या जोडीला एरिया फिफ्टी-वन म्हणायला लागले. गोल्डिन मॅचला साडेसोळा पॉइंट, वुल्फ 13 पॉइंट आणि जवळजवळ 10 रिबाउंड, वर साडेतीन असिस्ट. सात फुटी माणसाचे साडेतीन असिस्ट.

तुम्ही टर्नओव्हरवरून जो वर्षभर आरडाओरडा केलात ना, तो मला पटतो आणि पटत नाही. मॅचला 14 च्या आसपास बॉल घालवत होतो, फार आहे, मान्य. मी पण डोक्याला हात लावलाय. पण वुल्फला बॉल दिला की कमरेपर्यंत येणारा एखादा गार्ड खालून हात घालून तो काढून घेणार हे मेला माहीत नव्हतं असं वाटतं का तुम्हाला? इतक्या उंचावरून बॉल जमिनीपर्यंत जाऊन परत यायला वेळ लागतो हो, साधी गोष्ट आहे. त्याने ती किंमत ओळखून मोजली. दर टर्नओव्हरला मांडीवर थाप मारणारे आपले ते काका, ज्यांच्यामुळे पुढच्या रांगेतली बाई दरवेळी दचकायची, त्यांना मी दोनदा सांगितलं की काका तो पासही तोच टाकतो आणि टर्नओव्हरही तोच करतो, एक काढलं की दुसरं जाईल. काका म्हणाले द्रविडने असं कधी केलं नसतं. आता यावर काय बोलणार.

सुरुवात धड नव्हती म्हणा. वेक फॉरेस्टशी दोन पॉइंटनी हरलो, आर्कान्सासशी दोननी, ओक्लाहोमाशी एकने, तिन्ही मिळून पाच पॉइंट. जानेवारीत मिनेसोटाला ओव्हरटाइममध्ये बझरला, पार हाफ कोर्टच्या जवळून पडलेला शॉट. मग पर्ड्यूला 91-64, ती मॅच मी दुसऱ्या हाफला बंद करून कपड्यांच्या घड्या घातल्या.

आणि मग फेब्रुवारी आला. फेब्रुवारीत आपण सात मॅचेस जिंकलो आणि सातही चार किंवा त्याहून कमी पॉइंटनी. रटगर्स तीनने, ऑरेगन चारने, इंडियाना तीनने, पर्ड्यू दोनने, ओहायो स्टेट तीनने, नेब्रास्का तीनने (49-46, तो स्कोर बघून माझ्या नवऱ्याला वाटलं हाफटाइम आहे), परत रटगर्स दोनने. इंडियानाची मॅच तर काय नाटक होतं, तिथल्या कोचने आदल्याच दिवशी सीझननंतर जाणार म्हणून सांगितलेलं, गावातल्या लोकांना डस्टी मे घरी परत हवा होता आणि तो दुसऱ्या बाजूच्या बेंचवर, आपल्या निळ्या टीमसोबत. जिंकून गेला 70-67.

आता एक कडू गोष्ट. 27 फेब्रुवारी, गुरुवार, रटगर्स, क्रिसलर. आपण अकरा जण गेलो होतो. शेवटची दोन मिनिटं उरली असतील आणि तुमच्यातले सहा जण उठले. का, तर पार्किंगमधून बाहेर पडायला अर्धा तास लागतो, सकाळी ऑफिसची स्टँड-अप मीटिंग आहे, बाहेर बर्फ, आणि "ही गेली आता". जॅकेटं चढवत, एक्सक्यूज मी एक्सक्यूज मी करत, आमच्या गुडघ्यांवरून गेलात. आम्ही पाच जण राहिलो. रटगर्स 82, आपण 81, शेवटचं पझेशन, आणि निमारी बर्नेटचा थ्री, बॉल हवेत असताना बझर वाजला. बॉल हवेत असतानाची ती शांतता मी कोणाला सांगू शकत नाही, बारा हजार माणसं आणि फक्त तो भोंगा. मग आत. 84-82. मी अनोळखी माणसाला मिठी मारली, बहुतेक कोणी प्रोफेसर असावेत, चष्मा पडला त्यांचा. तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही स्टेट स्ट्रीटच्या सिग्नलला उभे होतात आणि गाडीत रेडिओही लावला नव्हता. मला हे उगाळायचं नाहीये. पण जे स्वतः दोन मिनिटं आधी निघून जातात त्यांनी निघून जाण्याबद्दल दुसऱ्याला बोलावं हे जरा जास्त होतं, एवढंच.

मार्चच्या सुरुवातीला तीन सलग हरलो. इलिनॉय 93-73 आपल्याच घरात, मग मेरीलँड, मग ईस्ट लान्सिंगला जाऊन मिशिगन स्टेट 79-62. त्यांच्याशी आधी क्रिसलरलाही हरलोच होतो. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी टीम मोडीत काढली होती, "पोर्टलची टीम आहे, एकमेकांसाठी कशाला जीव काढतील" हे वाक्य कोणाचं ते मी लिहीत नाही, त्यांना माहितीये.

पुढच्याच शनिवारी, 15 मार्च, आपण होळीचं गेट-टुगेदर ठेवलं होतं. होळी होऊन गेली होती पण इथे सगळे सण शनिवारीच येतात. वर स्वयंपाकघरात पुरणपोळ्या आणि खाली बेसमेंटात बिग टेनची सेमीफायनल, परत मेरीलँड. जे म्हणत होते आता बघणारच नाही ते सगळ्यात पुढच्या सोफ्यावर. शेवटच्या पाचेक सेकंदांचं घ्या. मेरीलँड 80-79 पुढे. बॉल डोनाल्डसनकडे, आपल्या टोकाला, अख्खं कोर्ट समोर. टाइमआउट नाही, कोणाला पास नाही, पळत सुटला. मी त्या वेळी जिन्यात होते, हातात तुपाची वाटी, आणि मला टीव्हीपेक्षा तुमच्या पाठी दिसत होत्या, सगळ्या पाठी एकदम सोफ्यावरून वर उचलल्या गेल्या. लेअप. 81-80, घड्याळात काही उरलंच नाही. तूप जिन्यावर सांडलं, त्याचा डाग अजून कार्पेटवर आहे, घराच्या मालकीणबाई तो पाहुण्यांना दाखवतात. आणि ते "गद्दार" म्हणणारे काका त्या दिवशी काय ओरडत होते? "ट्रे बाळा! ट्रे बाळा!" दहा साक्षीदार आहेत.

दुसऱ्या दिवशी इंडियानापोलिसला विस्कॉन्सिनला 59-53 हरवून बिग टेन टूर्नामेंट जिंकली. आदल्या वर्षी बिग टेनच्या 14 टीममध्ये शेवटून पहिले होतो आपण. 8 मॅचेस जिंकणारी टीम पुढच्या वर्षी 27. बर्नेट आणि चेटर, जे त्या 24 हरलेल्यांत पण होते, ते जाळी कापत होते, तेव्हा मी जरा डोळे पुसले, दिसले असतील तर दिसले.

मग एनसीएए टूर्नामेंटला पाचवं सीड (मानांकन) मिळालं, त्यावर खूप चरफडलात, मी पण. डेनव्हरला यूसी सॅन डिएगोने घाम काढला, 68-65. टेक्सस ए अँड एमची मॅच मात्र मला जन्मभर पुरेल. रॉडी गेल. पोरगा कितीतरी आठवडे चाचपडत होता, शॉट पडत नव्हता, स्टार्टिंग फाइव्हमधून बाहेर गेला होता, आणि त्या दिवशी बेंचवरून येऊन 26 पॉइंट. सेकंड हाफमध्ये मागे होतो, तिथून 91-79. कोचने त्याला बाजूला बसवलं पण विसरला नाही, आणि पोरानेही तोंड वाकडं केलं नाही. ओहायो स्टेटचा पोरगा बरं का.

ऑबर्नला अटलांटात हरलो. सेकंड हाफमध्ये 48-39 पुढे होतो, नऊ पॉइंट, आणि मग सगळं हातातून सुटलं, 78-65. समोर ऑबर्नच होतं, म्हणजे डोनाल्डसनची जुनी टीम.  मला तेव्हा वाटलं होतं की आपल्याकडे याचा कोणीतरी वेगळा अर्थ काढणार, आणि काढलाच.

आता मुद्द्यावर येते.

रॉडी गेल ओहायो स्टेट सोडून आला तेव्हा आपण त्याला काय म्हणलं होतं? शहाणा पोरगा. वुल्फ ब्रुकलिनने 27 व्या नंबरला उचलला त्या रात्री आपण एकमेकांना फोन करून "आपलं पोरगं एनबीएत" म्हणलं. येलला तो दोन वर्षं होता, आपल्याकडे एक. मग आपलं कसं झालं? आणि डोनाल्डसन एक वर्ष राहून गेला तर गद्दार. शेवटचं एकच वर्ष राहिलंय त्या पोराचं कॉलेजचं, मूळ गाव फ्लोरिडातलं, आणि चाललाय कुठे? मायामी मागच्या सीझनला 7-24 होती. नवा कोच आलाय. हे कुठेतरी ऐकल्यासारखं वाटतंय का? आपल्याला ज्या खड्ड्यातून काढलं तसल्याच दुसऱ्या खड्ड्यात उतरलाय तो. का गेला हे त्याचं त्याला माहीत, मला नाही.

पैशाचं म्हणाल तर 2025 च्या जुलैच्या 1 तारखेपासून कॉलेजं खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतात, 2025-26 या पहिल्या वर्षाला एका कॉलेजला सगळे खेळ मिळून साधारण 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. म्हणजे खोके आता कायदेशीर, पावतीसकट. आणि हे मिशिगनवाल्यांनी तरी हसण्यावारी नेऊ नये. 1992 आणि 1993 च्या फायनल फोरचे बॅनर आपल्याच छतावरून 2002 ला उतरवले, का, तर एका चाहत्याने पोरांना पैसे दिले म्हणून. फॅब फाइव्हच्या काळात दुकानं जर्सी विकून भरली आणि पोरांच्या हातात नियमाने काही नाही. मला त्या काळापेक्षा हा बरा वाटतो. तुम्हाला नसेल वाटत, बोलू.

क्रिकेटवाल्यांसाठी सोप्या भाषेत: पोर्टल म्हणजे एनओसी. यशस्वी जयस्वालने 2025 च्या एप्रिलमध्ये मुंबई सोडून गोव्याकडून खेळायला एनओसी मागितली, नंतर ती परत घेतली, तेव्हा तुम्हीच म्हणालात ना की त्याचं करिअर आहे, त्याला ठरवू दे. मग ट्रेला पण ठरवू द्या.

आणि आता जरा आपल्याकडे बघू. मी 2011 ला आले, दोन वर्षांच्या मास्टर्सला. दोन वर्षं! पुण्याच्या कॉलेजमध्ये चार वर्षं शिकून एका जूनमध्ये सगळं सोडून आले आणि सप्टेंबरच्या पहिल्या फुटबॉल मॅचलाच घसा फोडून "गो ब्लू" ओरडत होते, क्लासरूम सापडायच्या आधी. मला कोणी म्हणलं नाही की तू भाड्याची आहेस. तुमच्यातले बहुतेक असेच आलात. आणि मग नोकऱ्या. आपल्या अकरा जणांत मिळून गेल्या पाच वर्षांत किती कंपन्या बदलल्या, मी मोजल्या, एकोणीस. एका ऑटो कंपनीतून समोरच्या ऑटो कंपनीत, तीच गाडी, रस्त्याची फक्त दुसरी बाजू, वीस टक्के जास्त. त्याला आपण काय म्हणतो? एच-वन-बी ट्रान्सफर. शब्द पण तोच आहे हो! एका काकांनी (परत तेच) तर जॉइन होऊन चौदा महिन्यांत सोडलं होतं आणि आपण त्यांच्या घरी जाऊन बासुंदी खाल्ली.

माझं काही बाबतीत तुमच्याशी जुळतंही, ते लपवत नाही. जुने कोच जॉन बीलाइन, त्यांच्या काळात पोरं यायची तेव्हा खांदे पडलेले असायचे, आणि तीन-चार वर्षांत तीच पोरं फायनल खेळायची, 2013, 2018. ते वाढणं बघायला मिळायचं. आता मिळत नाही, चेटरसारखा एखादा सोडला तर. दर नोव्हेंबरात नवीन नावं पाठ करायची, मलाही कंटाळा येतो. ते गेलंय त्याचं दुःख करा, माझ्या घरी या, चहा करते, दोघं मिळून करू. पण त्याचा राग वीस-बावीस वर्षांच्या पोरावर काढू नका. नियम त्याने केलेले नाहीत.

आणि ढोंग तरी निदान नको. यॅक्सेल लेंडेबॉर्गने मेमध्ये एनबीए ड्राफ्टमधून नाव मागे घेतलं, अलाबामा-बर्मिंगहॅम सोडून इकडे येतोय कळलं, तेव्हा आपण ऑफिसमधून एकमेकांना फोन केले. मोरेझ जॉन्सन इलिनॉयहून येतोय, त्याच इलिनॉयहून ज्याने घरात येऊन वीस पॉइंटनी हाणलं. अदाय मारा यूसीएलएहून, सात फूट तीन इंच, काका तुमच्या मांडीला तयार ठेवा. एलियट कॅडो नॉर्थ कॅरोलायनाहून. या चौघांमागे चार गावांत कोणीतरी आत्ता पॉटलकला बसून काहीतरी म्हणतंच असेल.

कामाचं: सीझनची तिकिटं यंदा लवकर काढावी लागणारेत, मागच्यासारख्या रिकाम्या जागा आता विसरा. मी अकराऐवजी पंधरा धरतीये. ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात मास्टर्सची नवीन बॅच उतरतीये, चार पोरांची नावं माझ्याकडे आलीत, एक नाशिकची आहे, बाकीच्यांचं अजून कळलं नाही, त्यांना बास्केटबॉलमधलं ओ की ठो माहीत नसणार आणि जाड जॅकेटंही नसणार, ज्यांच्याकडे जास्तीची असतील त्यांनी आणून द्या. पैसे मला 10 ऑगस्टपर्यंत पाठवा. जे दोन मिनिटं आधी निघणार असतील त्यांनी कृपया आयलच्या सीट घ्याव्या.

आणि ती जर्सी. टाकली नसेल तर त्याला घालून आणा, माझ्या शेजारी बसवा. टाकली असेल तर मला सांगा, माझ्या मोठ्या मुलाची आहे, त्याला लहान होत आलीये पण याला बसेल.